स्तंभावरची नावे वाचणारा माणूस

दरवर्षी १ जानेवारीला आम्ही कोरेगाव भीमाला मानवंदना देतो. पण त्या स्तंभाचा दाखला घेऊन सरकारदरबारी भांडणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांची आठवण आमच्यातल्या किती जणांना होते?

१८७५ साली जन्मलेल्या या माणसाने १९०८ मध्ये पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' काढले. त्याआधी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवून सरकारकडे अर्ज धाडला होता. कारण उघड होते. १८१८ च्या लढाईत पडलेल्या २२ महारांची नावे इंग्रजांनी दगडावर कोरली आणि त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांना सैन्याचे दार बंद केले. म्हणे, ही लढाऊ जात नव्हे! ज्यांचे रक्त चालले त्यांच्या नातवांची भरती चालेना. आम्ही वकील मंडळी अशा वेळी लेखी पुरावा शोधतो. कांबळ्यांचा पुरावा भीमेच्या काठी उभाच होता. १९१० मध्ये त्यांनी थेट विलायतेला भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. स्तंभाजवळ सभा घेतल्या.

महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली. गरज सरताच, १९२१ मध्ये, मोडली.

कांबळे थांबले नाहीत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभापाशी आले, त्या सभेमागे हेच होते. मार्चमध्ये महाड घडले. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा जवानांच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.