उडत्या तबकड्यांचा सरकारी तपासनीस

संध्याकाळी यावलच्या केळीच्या बागांवर, पश्चिमेला शुक्र ठळक दिसू लागला की तो विमानाचा दिवा असावा असे अनेकांना वाटते. अमेरिकेच्या हवाई दलाकडे हाच शुक्र ‘उडती तबकडी’ म्हणून अनेकदा नोंदवला गेला. अशा नोंदी तपासण्याचे काम खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांच्याकडे आले.

हायनेक १ मे १९१० रोजी शिकागोत जन्मले. शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते ओहायो राज्य विद्यापीठात शिकवू लागले. १९४८ मध्ये हवाई दलाने त्यांना सल्लागार नेमले. शीतयुद्धाचे दिवस होते; आकाशातली अनोळखी वस्तू सोव्हिएत विमान तर नसेल, ही खरी धास्ती होती. सुरुवातीला हायनेक यांना हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटे. ग्रह, उल्का, हवामानाचे फुगे अशी उत्तरे ते देत आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असत.

मार्च १९६६ मध्ये मात्र गाडी अडली. मिशिगनमध्ये पोलिसांसह अनेकांनी रात्री दिवे पाहिले. हायनेक यांनी त्यांतल्या काही नोंदींचे कारण दलदलीतला पेटता वायू असू शकेल असे सांगितले आणि देशभर त्यांची टर उडाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड तेव्हा खासदार होते. त्यांनी संसदेकडून चौकशीची मागणी केली. घाईने दिलेले उत्तर लोकांचा विश्वास घालवते, मग ते शास्त्रज्ञाने दिलेले का असेना.

१९६९ च्या अखेरीस हवाई दलाने ‘ब्लू बुक’ प्रकल्प गुंडाळला. १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या. अनुत्तरित म्हणजे परग्रहवासी नव्हे. बऱ्याचदा माहितीच अपुरी असते. पण त्या फायलीत बंद करू नयेत, नीट मोजमाप व्हावे, असा आग्रह हायनेक यांनी धरला आणि १९७३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. त्यांच्या वर्गीकरणावरून नाव घेतलेल्या स्पीलबर्गच्या १९७७ च्या चित्रपटात ते क्षणभर दिसतात. त्यातली भारतातली दृश्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, खालापूरजवळ चित्रित झाली.

आपल्या लष्करालाही हा अनुभव आला. २०१२-१३ मध्ये लडाख सीमेवर जवानांनी अनोळखी उजेडाच्या शेकडो नोंदी केल्या. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तपासले, तर ते शुक्र आणि गुरू निघाले.

हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी जन्मलेले हायनेक, तो परतला त्याच वर्षी, २७ एप्रिल १९८६ रोजी मेंदूतील गाठीच्या आजाराने वारले.