योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

योग म्हणजे चमत्कार, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली असताना तिला मोजमापाचा आधार मागणारे पहिल्या पिढीचे संशोधक म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली.

बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामविद्येचे धडे घेतले. पुढे मालसरचे परमहंस माधवदास महाराज यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. १९२३ मध्ये ते महाविद्यालय बंद पडले आणि त्यांनी उर्वरित आयुष्य योगसंशोधनाला वाहिले.

तत्पूर्वीच बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरणांच्या साह्याने त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला होता. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना आढळले. प्राणायामाचे महत्त्व केवळ अधिक प्राणवायू मिळण्यात आहे, ही लोकप्रिय कल्पनाही त्यांनी प्रयोगांती मान्य केली नाही. श्रद्धेला न रुचणारे निष्कर्षही स्वीकारण्याची ही तयारी हेच त्यांचे वेगळेपण होते.

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला. १९३२ मध्ये मुंबईत योगोपचार केंद्र सुरू झाले. डॉ. विनेकर यांच्यासमवेत लिहिलेला योगोपचारावरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

वृद्धांचे पडणे हा त्यांच्या हयातीत संशोधनाचा मोठा विषय नव्हता. आज तो आहे. वयोमानानुसार दृष्टी, अंतर्कर्णातील तोलाची यंत्रणा, तळपायांची संवेदना आणि पायांचे बळ मंदावते. न्हाणीघरातील एक घसरण खुब्याचे हाड मोडून माणसाला कायमचे अंथरुणास खिळवू शकते. यावर चीनमधील ‘ताई ची’ या संथ व्यायामाचा उपयोग होतो का, हे अमेरिकेतील अटलांटा येथे ७० वर्षांवरील २०० जणांवर तपासण्यात आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वारंवार पडण्याचा धोका सुमारे ४७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढील अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत हा लाभ बराच कमी, सुमारे १९ टक्के आढळला. तरी तो नगण्य नाही. कुवलयानंदांनी योगाला लावलेली कसोटी हीच होती: परंपरा प्राचीन आहे म्हणून नव्हे, तर परिणाम दिसतो म्हणून ती स्वीकारावी.

नांदेड वा लातूरच्या बागेत पहाटे ताडासन, वृक्षासन करणाऱ्या ज्येष्ठांना या कसोटीतून दोन गोष्टी घेता येतील. तोल हा सरावाने सुधारतो, म्हणून उभ्याने करावयाचे संथ व्यायाम नियमाने करावेत. मात्र एका पायावर उभे राहताना भिंतीचा आधार हाताशी असावा आणि चक्कर, रक्तदाब किंवा ठिसूळ हाडांचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. योगाची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादाही तपासण्याची दृष्टी, हा कुवलयानंदांचा खरा वारसा होय.