बाबूरावांची लेखणी

एका मासिकातल्या परीक्षणाच्या धास्तीने निर्मात्यांनी अस्वस्थ व्हावे, हे आजच्या पिढीला खरे वाटणार नाही. बाबूराव पटेल यांनी तसे दिवस आणले होते.

पालघरजवळच्या मासवण गावी 1904 साली जन्मलेल्या बाबूरावांचे शिक्षण अर्धवटच राहिले. काही चित्रपट दिग्दर्शित केल्यावर 1935 साली त्यांनी मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले. कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या या माणसाचे इंग्रजी पदवीधरही चवीने वाचत. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली त्यांची तिखट उत्तरे तर विशेष गाजली. 1938 सालच्या 'द ड्रम' या ब्रिटिश चित्रपटातले हिंदी माणसांचे चित्रण त्यांना झोंबले. त्यांनी लेखणी उपसली, मुंबईत निदर्शनेही झाली.

आमच्या लालबागच्या चाळीत हे मासिक येत नसे. तिथली समीक्षा गॅलरीत चाले. 'भारतमाता'चा खेळ पाहून आलेले गिरणी कामगार पैसे वसूल झाले की नाही, एवढेच सांगत. पण त्यामागे घामाचे पैसे असत. मला वाटते, समीक्षकाने हिशेब ठेवायचा तो या माणसाच्या वतीने.

बाबूरावांनी तो ठेवला का? पुष्कळदा ठेवला. बड्या नावांना ते दबले नाहीत. पण 'ज्वार भाटा'तल्या नवख्या दिलीपकुमारला त्यांनी मोडीत काढले, आणि नट्यांच्या रूपावर ते जे लिहीत, ते आज वाचवत नाही. शिवाय ज्या निर्मात्यांची परीक्षणे, त्यांच्याच रंगीत जाहिराती त्याच मासिकात. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कर्जदार स्वतःच स्वतःचा जामीन राहू शकत नाही, हा तिथला पहिला धडा. बाबूरावांनी पत्नी सुशीलाराणी यांना घेऊन 1944 साली 'द्रौपदी' आणि 1946 साली 'ग्वालन' काढले, तेव्हा तोच प्रश्न उभा राहिला. इतरांना फटकारणारा परीक्षक आता स्वतःच परीक्षेला बसला होता. दोन्ही चित्रपटांना यश लाभले नाही. सुशीलाराणींचे नाव राहिले ते गायिका म्हणून.

पुढे मासिकाचे नाव 'मदर इंडिया' झाले, सिनेमा मागे पडून राजकारण पुढे आले. 1967 साली ते जनसंघातर्फे शाजापूरहून लोकसभेवर गेले. 1982 साली त्यांचे निधन झाले.

त्यांची सगळी मते पटावीत असे नाही. पण तिकीट काढणाऱ्याला फसवू नका, हे निर्मात्याला तोंडावर सांगण्याची हिंमत त्यांच्यात होती. तोच काटा त्यांनी स्वतःलाही लावला असता, तर त्यांच्या धाकाला आदराचीही जोड मिळाली असती.