पाखरांच्या वाटेने देश जोडणारे डॉ. सलीम अली

राष्ट्राराष्ट्रांत स्नेह वाढावा म्हणून वकिलाती असतात, परिषदा भरतात, करारमदार होतात. परंतु विज्ञानाच्या नात्यानेही देश एकमेकांच्या जवळ येतात. हे कार्य आपल्या मुंबईच्या एका सुपुत्राने कोणत्याही वकिलातीत न बसता केले. ते सुपुत्र म्हणजे थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वयाच्या पहिल्या वर्षी वडील गेले, तिसऱ्या वर्षी आईही अल्लाला प्यारी झाली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांना पोटच्या मुलासारखे वाढविले. मामांना शिकारीचा शौक होता. लहानग्या सलीमने एकदा छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, हे कळावे म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय संस्थेचा पक्षिसंग्रहही त्या मुलाला दाखविला. एका मुलाच्या प्रश्नाला वडीलधाऱ्यांनी मान दिला आणि त्यातून एक शास्त्रज्ञ घडला.

शिक्षणाची वाट मात्र सोपी नव्हती. सततच्या डोकेदुखीमुळे शाळा बुडे. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेजचे पहिलेच वर्ष जड गेले आणि ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यावर गेले. परत आल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पण रीतसर पदवी हाती आली नाही. म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी लागली. आपली विद्या अपुरी आहे हे जाणून ते पुढे रजा घेऊन बर्लिनला गेले व प्रख्यात पक्षिशास्त्रज्ञ स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग कसा काढावा, हेही त्यांनी जर्मनीतच पाहिले.

१९३० साली परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! पण सलीम अली खचले नाहीत. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर त्यांनी महिनोन्‌महिने नजर ठेवली. नर अर्धे घरटे विणतो; मादीला ते पसंत पडले तरच पुरे करतो आणि मग दुसरीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी नोंदींनिशी दाखवून दिले. बेकारीच्या दिवसांतील या कामाने त्यांचे नाव शास्त्रज्ञांत झाले. १९३९ साली तेहमिना निवर्तल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले.

१९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात एक नवा ताप उद्‌भवला. रशियातील एका रोगाशी त्याचे साम्य दिसल्याने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर तो आला असावा, असा संशय आला. तो सिद्ध झाला नाही. पण त्यानिमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अलींनी पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी मोहीम उभारली. कडीवर मुंबईच्या सोसायटीला कळवावे, असा मजकूर असे. अशी कडी घातलेले पक्षी सोव्हिएत संघात आढळत आणि तिकडून मुंबईला खबर येई. जग दोन गटांत विभागलेले असतानाही ही देवाणघेवाण चालू राहिली.

अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासमवेत त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. याच काळात, १९७१ साली, दोन्ही देशांत युद्ध झाले. ग्रंथात मात्र दोन्हीकडची पाखरे शेजारी शेजारीच राहिली.

या कार्याची कदर साऱ्या जगाने केली. १९६७ साली ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना सुवर्णपदक दिले. ब्रिटिश नसलेल्या व्यक्तीला हा मान प्रथमच मिळाला. १९७३ साली सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीने पदक दिले, तर त्याच वर्षी हॉलंडच्या राजपुत्रांनी ‘गोल्डन आर्क’ हा किताब दिला. गेटी पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी निसर्गरक्षणाचा निधी उभारला. भारत सरकारने १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९८५ साली राज्यसभेवर नेमले. १९८७ साली त्यांचे मुंबईत निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, पदवीला किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पदवीवाचून एक दार बंद झाले, तेव्हा सलीम अली सातासमुद्रापार शिकायला गेले, हे विसरू नका. आणि पालकांनो, एखाद्या परीक्षेत मूल मागे पडले म्हणून त्याच्यावरचा विश्वास गमावू नका. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल तर जाणकाराकडे घेऊन जा. आपल्या मानपाड्याच्या मागे येऊरचे जंगल आहे. ठाण्याच्या खाडीवर दरसाल रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली तेथे त्यांचे अभयारण्य जाहीर झाले. एक वही आणि थोडा सबूर, एवढ्यावर अभ्यासाला आजही सुरुवात करता येते.