तुरुंगात जन्मलेल्या विमानाला जेट लावणारा माणूस

जुन्या स्कूटरचं पेट्रोल इंजिन उतरवून मोटर आणि बॅटरी बसवलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. बॉडी तीच, हँडल तेच, फक्त फटफट गायब. आता हेच एका बॉम्बर विमानाचं करायचं म्हटलं तर? पंख तेच, धड तेच, प्रोपेलर काढा आणि जेट लावा! 1947 साली मॉस्कोत आंद्रेई तुपोलेव्ह नावाच्या माणसानं नेमकं हेच केलं. आणि ज्या विमानावर त्यानं हा उद्योग केला, ते त्यानं तुरुंगात असताना डिझाइन केलं होतं.

थांबा, सुरुवातीपासून सांगते.

तुपोलेव्हचा जन्म 1888 चा, रशियातल्या त्व्हेर प्रांतातल्या एका खेड्यातला. 1908 मध्ये तो मॉस्कोच्या टेक्निकल स्कूलमध्ये इंजिनिअरिंगला आला. तिथे निकोलाय झुकोव्स्की हे हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे मोठे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली पोरानं ग्लायडर बांधलं. पण 1911 मध्ये झारच्या पोलिसांनी क्रांतिकारक चळवळीच्या संशयावरून त्याला पकडलं आणि गावी पाठवून दिलं. डिग्री हातात आली ती 1918 मध्ये. तुमचं एखादं वर्ष ड्रॉप गेलं असेल तर फार मनाला लावून घेऊ नका, याची तब्बल दहा वर्षं गेली!

त्यानंतर मात्र गाडी सुसाट सुटली. लाकूड आणि कापडाच्या जमान्यात त्यानं धातूची विमानं बनवली. 1937 च्या उन्हाळ्यात त्याचं एएनटी-25 हे विमान उत्तर ध्रुवावरून उडत थेट अमेरिकेत उतरलं. देशभर नाव झालं.

आणि त्याच वर्षी, 21 ऑक्टोबरला, त्याला अटक झाली.

स्टालिनच्या दहशतीचा तो कळस होता. आरोप काय, तर परदेशासाठी हेरगिरी आणि घातपात. बायकोलाही पकडलं. सगळं खोटं होतं, पण शिक्षा झालीच. आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणवत नाही खरं तर. सरकारला विमानं तर हवी होती आणि ती बनवणारे सगळे आत. मग गुप्त पोलिसांनी तुरुंगातच डिझाइन ऑफिस उघडलं. मॉस्कोच्या रेडिओ स्ट्रीटवरच्या ज्या इमारतीत तुपोलेव्ह साहेब म्हणून बसायचा, तिथेच आता तो कैदी म्हणून राहू लागला. खिडक्यांना गज. गच्चीवर जाळीचा पिंजरा, कैद्यांना पाय मोकळे करायला. ड्रॉइंगवर सही करायची नाही, कारण कैद्याला नाव नसतं, त्याला नंबर असतो.

गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला चार इंजिनांचं, सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान हवं होतं. तुपोलेव्हचं म्हणणं पडलं की ते धूड सूर मारू शकणार नाही, दोन इंजिनांचं चपळ विमान पाहिजे. ज्याच्या हातात तुमचा जीव आहे त्याला तुमची कल्पना चुकीची आहे असं सांगायला काय लागत असेल, याचा विचार करा. शेवटी तुपोलेव्हचंच खरं झालं. याच काळात त्याच्यामुळे आणखी एक कैदी या ऑफिसात आला. हा त्याचा जुना विद्यार्थी, सैबेरियातल्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणींमधून मरता मरता वाचलेला. त्याचं नाव सर्गेई कोरोलेव्ह. पुढे स्पुटनिक आणि गागारिनला अवकाशात पाठवणारा तोच.

29 जानेवारी 1941 ला ते विमान उडालं. जूनमध्ये हिटलरनं हल्ला केला आणि जुलैमध्ये तुपोलेव्हला सोडून देण्यात आलं. विमानाचं नाव पडलं तू-2. दोन पिस्टन इंजिनं, ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास वेग. दोन हजारांहून जास्त बनली, आणि 1943 मध्ये स्टालिनच्याच नावाचं पारितोषिक तुपोलेव्हला मिळालं! यावर काय बोलणार?

युद्ध संपलं तोवर जेटचं युग उजाडलं होतं. प्रोपेलरची अडचण अशी की वेग वाढत गेला की पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ पोहोचतात, आणि मग कितीही ताकद लावा, ती वाया जाते. रशियाकडे मोठ्या विमानाला पुरेल असं भरवशाचं जेट इंजिन नव्हतं. ते विकलं चक्क ब्रिटननं! रोल्स-रॉइसची नीन इंजिनं मॉस्कोत आली. (याच इंजिनाच्या नकलेवर पुढे मिग-15 उडालं. ब्रिटिशांनी नंतर कपाळाला हात लावला असणार.)

नवं विमान बनवायला वर्षं गेली असती. तुपोलेव्हनं तयार तू-2 घेतलं, पिस्टन इंजिनं काढली आणि पंखांखाली दोन नीन बसवली. पण हे इंजिन बदलून भागणारं काम नव्हतं. तू-2 चं तिसरं चाक शेपटाखाली होतं, त्यामुळे ते जमिनीवर नाक वर करून बसायचं. जेट लावल्यावर मागून निघणारा तापलेला झोत सरळ धावपट्टीवर आदळला असता. म्हणून तिसरं चाक नाकाखाली आणलं आणि विमान आडवं उभं केलं. जेट इंधन ढसाढसा पितं, त्यासाठी जागा वाढवली. 27 जुलै 1947 ला अलेक्सेई पेरेल्योत या वैमानिकानं ते उडवलं. नाव तू-12. वेग ताशी 783 किलोमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा सव्वादोनशेनं जास्त!

पहिलं रशियन जेट बॉम्बर होण्याचा मान मात्र तीन दिवसांनी हुकला. इल्युशिन यांचं चार इंजिनांचं विमान आधी उडालं होतं. आणि खरं सांगायचं तर तू-12 फार चाललं नाही. जाड, सरळ पंख आणखी वेग सहन करेनात, उंचीवर माणसांना लागणारी हवाबंद केबिन नव्हती. मोजकीच बनली. पुढच्याच वर्षी इल्युशिन यांनी हीच दोन नीन इंजिनं नव्या कोऱ्या सांगाड्यात बसवली, आणि हजारोंनी बनलं ते त्यांचं इल-28.

मला वाटतं, तू-12 चा उपयोग लढाईपेक्षा शिकण्यासाठी झाला. जेट जमिनीवर कसं वागतं, किती पितं, पंखांना कुठे हादरवतं, हे तुपोलेव्हच्या माणसांना प्रत्यक्ष कळलं. पाच वर्षांत त्यांनी मागे वळलेल्या पंखांचं तू-16 उडवलं. आणि मग तोच जुना डाव पुन्हा: त्याच बॉम्बरचे पंख आणि इंजिनं घेऊन, धड रुंद करून प्रवासी विमान तू-104. ब्रिटिशांचं कॉमेट अपघातांमुळे जमिनीवर होतं, तेव्हा 1956 पासून दोन वर्षं नियमित प्रवासी नेणारं जगातलं एकमेव जेट हेच होतं.

तू-104 पहिल्यांदा उडालं 17 जून 1955 ला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी कोर्टानं कागदोपत्री कबूल केलं होतं की तुपोलेव्ह निर्दोष होता. अटकेला तेव्हा सतरा वर्षं उलटून गेली होती.

पेरेल्योत 1953 मध्येच गेला, तुपोलेव्हच्याच तू-95 या टर्बोप्रॉप बॉम्बरची चाचणी घेताना. तुपोलेव्ह 1972 च्या डिसेंबरात वारला. पेरेल्योतचा जीव घेणाऱ्या त्या तू-95 पासून पुढे नौदलासाठी तू-142 तयार झालं आणि 1988 मध्ये ते आपल्या गोव्याच्या दाभोळीला येऊन उतरलं. आपल्या नौदलानं ते 2017 पर्यंत वापरलं. कधी विशाखापट्टणमला गेलात तर समुद्राकाठी त्यातलं एक उभं आहे, तिकीट काढून आत शिरता येतं.