हिमप्रदेशातील विद्यार्थी
नॉर्वेचा दर्यावर्दी रोआल्ड आमुन्सेन १९०३ साली कॅनडाच्या उत्तरेकडील किंग विल्यम बेटावर पोहोचला. तेथे त्याने दोन हिवाळे काढले. बेटावरील नेटसिलिक लोकांपुढे हा कप्तान चक्क विद्यार्थी होऊन बसला! बर्फाचे ठोकळे रचून घर बांधणे, कुत्र्यांची घसरगाडी हाकणे, सारे तो शिकला. लोकरीचे कपडे घामाने भिजत व गोठत. म्हणून त्याने रेनडियरच्या कातड्याचा सैल, दुहेरी पोशाख स्वीकारला. आतल्याचे केस अंगाकडे, वरच्याचे बाहेर.

हीच विद्या पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उपयोगी पडली. १४ डिसेंबर १९११ रोजी चार सोबत्यांसह तो दक्षिण ध्रुवावर पोहोचला. पाचही जण सुखरूप परतले. ५२ कुत्र्यांपैकी मात्र ११ च परत आली. बरीचशी वाटेत अन्नासाठी मारली गेली होती.