उंदराच्या रक्तात जंतू पाहणारे साताऱ्याचे सिव्हिल सर्जन

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हा ग्रंथ वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. १८५८ मध्ये निघालेल्या त्या ग्रंथातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर पुढे १८६३ ते १८७२ या काळात साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील चित्रकार होते. ग्रंथाच्या शीर्षकपानावर कार्टर यांचे नाव ग्रे यांच्यापेक्षा लहान अक्षरांत छापले गेले. तो बाजारात येण्यापूर्वीच ते मुंबईत आले होते; पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले.

पायाला गाठी येऊन त्यांतून दाणेदार पू वाहणारा ‘मदुरा फूट’ हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. अनवाणी राबणाऱ्यांना तो जास्त होतो. बुरशी हे त्याचे कारण मांडणारा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये निघाला. पुढे मुंबईत उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात त्यांनी मळसूत्रासारखे जंतू पाहिले.

ही सवयीची नजर १८८७ मध्ये पुन्हा उपयोगी पडली. एका उंदराच्या रक्तात त्यांना तसाच, पण अगदी छोटा जंतू दिसला. तो माणसाला आजारी पाडतो, हे जपानी संशोधकांनी १९१५ मध्ये दाखवले. तोवर कार्टर यांना जाऊन अठरा वर्षे झाली होती. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि १८९७ मध्ये क्षयाने वारले.

कराड परिसरात उसाचे फड आणि धान्याच्या कणग्या आहेत, तिथे उंदीर आलाच. या जंतूची खोड अशी की, चाव्याची जखम आधी भरून येते. मग एक ते तीन आठवड्यांनी तीच जागा सुजते, जवळच्या गाठी दुखतात, अंगावर चट्टे उठतात आणि ताप येऊन-जाऊन राहतो. तोवर घरचे चावा विसरलेले असतात. डॉक्टरांना तो सांगितला नाही, तर निदान हुकते. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो. दुर्लक्ष केल्यास हृदयापर्यंत जाऊ शकतो.

म्हणून उंदीर चावला, तर जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. हळद किंवा चुना भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठून धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे आणि चाव्याची तारीख लिहून ठेवावी.